येसकराचा नातू आणि १४९ ची नोटीस

दरवर्षी एप्रिल लागला की आमच्या वस्तीत दोन माणसं हमखास येतात. एक मंडपवाला, दुसरा पोलीस. मंडपवाला विसार मागतो. पोलीस कागद देतो.

तो कागद म्हणजे १४९ ची नोटीस. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी संहिता आली. तेव्हापासून त्या कागदावर १६८ असं छापलेलं असतं. वस्तीत मात्र अजून तिला १४९ च म्हणतात. आकडा बदलला म्हणून कागदाची जात बदलत नाही. आणि नव्या संहितेचं नाव काय, तर नागरिक सुरक्षा. म्हणजे सुरक्षा नागरिकाची, आणि नोटीसही नागरिकालाच.

कागदावरची भाषा मला पाठ झालीय. आपल्याकडून दखलपात्र गुन्हा घडण्याची शक्यता आहे, तसं काही घडल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल, आणि ही नोटीस आपणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यात येईल. माझं वय साठीच्या पुढं. गुडघे दुखतात. मी घडवणारा गुन्हा म्हणजे बाबासाहेबांच्या मिरवणुकीत पुढं उभं राहणं.

ह्या खेपेला कागद घेऊन आलेला शिपाई पोरगेलाच होता. शेजारच्या तालुक्यातल्या आपल्याच वस्तीतला. आल्याबरोबर म्हणाला, "जयभीम काका. सही करा तेवढी."

मी म्हणालो, "काय गुन्हा करणाराय मी, तुझ्या साहेबाला काय कळलं?"

"वरनं आलंय काका. तुमी काय करणार न्हाई ते मला बी ठावं हाय. पर नोंद करावी लागती."

नोंद करावी लागते. ह्या तीन शब्दांवर मला लिहायचंय. कारण अलीकडं जो तो समतोलाची भाषा बोलतो. एका पारड्यात देशाची सुरक्षा, दुसऱ्या पारड्यात नागरिकाचं स्वातंत्र्य, आणि लोकशाहीनं म्हणे काटा मधोमध धरायचा. ऐकायला गोड वाटतं. पण तागडी कुणाच्या हातात आहे? आणि पारड्यात नेमकं कुणाचं काय टाकलंय? सुरक्षा त्यांची आणि स्वातंत्र्य आमचं, असं वजन होत असेल तर काटा मधोमध येऊन आम्हाला काय मिळणार?

तुम्हा पोरांना हे पुस्तकातनं सांगण्याऐवजी मी घरातनं सांगतो. घरात तीन पिढ्यांचा पुरावा आहे.

माझा आज्जा येसकर होता. गावाची वेस लावायची, उघडायची. रात्री घोंगडं पांघरून घुंगराची काठी आपटत जागायचं. चोराचा माग काढायचा. सरकारी भरणा तालुक्याला जायचा तेव्हा सोबत चालायचं. म्हणजे ज्याला आज सुरक्षा म्हणतात ते गावगाड्यात आमचं काम होतं. त्याचा पगार काय? येसकरपाळीच्या शिळ्या भाकरी. अख्ख्या गावाची वेस राखणारा माणूस राहायचा वेशीच्या बाहेर. आणि गावात चोरी झाली की पहिली झडती कुणाची? त्याच्याच वस्तीची. राखणदार तोच, आणि संशयित पण तोच.

आज्जाला हे चमत्कारिक वाटायचं नाही. रीतच होती. महारकी वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. ती वतनं कायद्यानं जायला १९५८ उजाडलं. वतन गेलं, काठी गेली. संशय मात्र राहिला. तो वतनात नव्हताच, तो गावाच्या डोक्यात होता.

आमच्यापेक्षा वाईट ज्यांचं झालं त्यांचीही आठवण ठेवा. १८७१ साली इंग्रजानं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात गुन्हा करायची गरजच नव्हती. त्या जमातीत जन्माला आलं की झालं. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण होतं. माणूस काय करील ह्या अंदाजावर अख्ख्या जातीला कुंपणात घालायचं, ह्याला त्या काळी समाजाचं संरक्षण म्हणायचे. देश १९४७ ला सुटला आणि हा कायदा सुटला १९५२ च्या ऑगस्टअखेर. लगोलग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. पारध्याच्या पालावर आजही पहाटे धाड पडते तेव्हा १८७१ सालच दार वाजवत असतं. आणि खरं बोलायचं तर आपल्या वस्तीतलं कोंबडं हरवलं की आपणही पहिलं पालाकडंच बघतो. हे लिहिताना लाज वाटते, म्हणून लिहितोय.

आता बापाची गोष्ट.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. बाप पंचायत समितीत शिपाई. आणीबाणी आमच्या वस्तीला वाईट वाटली नाही, हे आधी कबूल करू. वीस कलमी कार्यक्रम आला. वेठबिगार कायद्यानं बंद झाली. कर्जमुक्तीचा कायदा आला. सावकाराची वही गप्प झाली. साहेब वेळेवर हापिसात यायला लागले. बाप म्हणायचा, "आता कुटं जरा सरकार असल्यावानी वाटतंय." आमच्या चळवळीतल्या मोठ्या मोठ्या माणसांनाही तसंच वाटलं. रिपब्लिकन गट इंदिराबाईंच्या वळचणीला होते. पँथरच्या नामदेव ढसाळांनी आणीबाणीला उघड पाठिंबा दिला. ही गोष्ट आपण सभेत बोलत नाही. दुसऱ्यांच्या चुका मात्र तारीखवार सांगतो.

आमच्या गावात एक मास्तर होते. आपल्यातलेच. शाळा सुटल्यावर चार पानांचं एक पत्रक स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाइल करून वाटायचे. मजुरीचे दर, पाणवठ्याची भांडणं, असलं काहीबाही. एका रात्री त्यांना उचललं. मिसा. कारण सांगितलं नाही. सांगायची गरजच ठेवली नव्हती.

दोन दिवसांनी मास्तरांची बायको आमच्या घरी आली. तिला अर्ज लिहून पाहिजे होता, कलेक्टरच्या नावानं, की माझा नवरा कुठं ठेवलाय एवढं तरी सांगा. बापाला लिहिता येत होतं, हापिसची भाषा येत होती. बाप म्हणाला, "वैनी, सरकारी नोकरी हाय माजी." ती उठली. आईनं केलेला चहा तसाच राहिला.

मास्तर १९७७ च्या मार्चात सुटून आले. आमच्या घरी आले, चहा प्याले, पोरांची चौकशी केली. त्या अर्जाचं एक अक्षर काढलं नाही. बाप जमिनीकडं बघत बसला होता. पुढं मरायच्या आधी आठ दिवस, ग्लानीत, बाप मला म्हणाला, "त्या दिशी अर्ज ल्ह्याला पायजे व्हता." त्याला दुसरं काही आठवत नव्हतं. तेवढंच आठवत होतं.

मी मोठा झाल्यावर त्या काळातले कागद वाचत गेलो. आणीबाणीत मिसाखाली सुमारे ३५ हजार माणसं डांबली होती, त्यात आमचे मास्तर एक. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींपुढं प्रश्न आला, की डांबलेल्या माणसाला कोर्टात जाऊन एवढं तरी विचारता येईल का, की मला कोणत्या कायद्यानं धरलं? चौघं म्हणाले, नाही. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी सरकारी वकिलाला विचारलं होतं, एखाद्या पोलिसानं खासगी दुश्मनीपायी माणूस मारून टाकला तरी काही इलाज नाही का? वकिलानं सांगितलं, आमच्या युक्तिवादाप्रमाणे आणीबाणी असेतो नाही. एकटे खन्ना विरुद्ध गेले. १९७७ च्या जानेवारीत त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं. खन्नांनी राजीनामा दिला. तो निकाल चूक होता असं सुप्रीम कोर्टानं स्पष्ट म्हणायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडलं. एक्केचाळीस वर्षं.

आता त्याच १९७६ सालातली दुसरी तारीख घ्या. १९ नोव्हेंबर १९७६. त्या दिवसापासून १९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा दुरुस्त होऊन नव्या नावानं लागू झाला. नाव काय? नागरी हक्क संरक्षण कायदा. म्हणजे ज्या साली जगण्याचा हक्क कोर्टात मागता येत नव्हता, त्याच साली आम्हाला नागरी हक्कांचा कायदा मिळाला. हाटेलात कप वेगळा ठेवला तर तक्रार करायची सोय झाली. पण तक्रार करणाऱ्यालाच कुणी मिसात टाकलं असतं तर? एका हातानं पाणवठा दिला, दुसऱ्या हातानं नरडं धरलं. बापाला पहिला हात दिसला. मास्तरांच्या बायकोला दुसरा. दोन्ही हात एकाच सरकारचे होते. हे आपल्या चळवळीनं अजून नीट शिकून घेतलेलं नाही.

इथं कुणीतरी म्हणणार, की बाबासाहेबांच्या घटनेतच स्थानबद्धता आहे की. आहे. हे लपवू नका. विरोधकाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपण आपल्या तोंडानं सांगावं.

१५ सप्टेंबर १९४९ ला बाबासाहेबांनीच घटना समितीत कलम १५-अ मांडलं. आजचं ते कलम २२. त्याआधी जीविताच्या कलमातनं 'योग्य प्रक्रिया' ह्या अर्थाचे शब्द जाऊन 'कायद्यानं ठरवलेली पद्धत' असे शब्द आले होते. त्यामुळं संसदेला कुणालाही धरायचं मोकळं रान मिळालं अशी ओरड होती. त्याची भरपाई म्हणून हे कलम आणतो, असं बाबासाहेबांनी सांगितलं. अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्या. हे झालं भरपाईचं. पण त्याच कलमात पुढं स्थानबद्धांना ह्यातनं वगळलं. देशाची तेव्हाची स्थिती बघता, सुव्यवस्थेशी किंवा सैन्याशी खेळणाऱ्याला सरकारला आधीच धरावं लागेल, हे त्यांनी मान्य केलं. आणि सरकारच्या हाताला मर्यादा घातली: तीन महिन्यांवर ठेवायचं तर सल्लागार मंडळाचं मत घ्या. सभागृहात बक्षी टेकचंद, ठाकूरदास भार्गव ह्यांनी सडकून टीका केली. महावीर त्यागी म्हणाले, मसुदा समितीतल्या मंडळींनी आधी तुरुंगाचा अनुभव घेतला असता तर बरं झालं असतं.

मी त्यागींच्या बाजूचा आहे. बाबासाहेबांचा माणूस असून हे म्हणतोय. म्हणायला भीती वाटत नाही, कारण राजकारणात भक्ती ही अधोगतीची वाट आहे हे २५ नोव्हेंबर १९४९ ला त्यांनीच बजावलं. कितीही थोर माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका, हेही त्याच भाषणात आहे. १९७५ साली आमच्या पुढाऱ्यांनी ते भाषण एकदा काढून वाचलं असतं तर!

बाबासाहेबांना देशाच्या रक्षणाची कदर नव्हती असं म्हणायची कुणाची छाती नाही. संरक्षण सल्लागार समितीवर ते होते. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली त्यामागं त्यांची खटपट होती. पण मंत्रिपद सोडताना, १९५१ साली, त्यांनीच हिशेब मांडला की साडेतीनशे कोटींच्या महसुलातले एकशेऐंशी कोटी सैन्यावर जातात, आणि हे कशापायी, ते विचारलं. सुरक्षेचं नाव घेतलं म्हणून हिशेब विचारायचा नाही, असं त्यांनी कधी मानलं नाही. आपण एवढं शिकलो तरी पुष्कळ.

बाबासाहेबांनी ठेवलेली फट पुढच्यांनी दरवाजा केली. १९५० चा स्थानबद्धता कायदा एका वर्षासाठी होता, तो १९६९ संपेपर्यंत चालला. १९७१ ला मिसा. ती १९७८ ला गेली तर १९८० ला राष्ट्रीय सुरक्षा कायदा. ह्यात बारा महिने आत ठेवता येतं, आणि सल्लागार मंडळापुढं वकील न्यायचा हक्क नाही. १९८५ ला टाडा दोन वर्षांसाठी आला, दहा वर्षं राहिला. २००२ ला पोटा, तो २००४ ला गेला, आणि त्यातला बराच ऐवज त्याच साली यूएपीएत जाऊन बसला. यूएपीए १९६७ चा. २००८ ला त्यात जामिनाची वाट अरुंद केली. २०१९ पासून संघटनेप्रमाणे एकट्या माणसालाही दहशतवादी जाहीर करता येतं. महाराष्ट्रात ह्यात १९८१ चा झोपडपट्टीदादांचा कायदा आणि १९९९ चा मकोका मिळवा. शिवाय जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यात सरकार एखाद्या संघटनेला बेकायदेशीर ठरवू शकतं. नाव पुन्हा तेच. जन आणि सुरक्षा.

एक बारीक गोष्ट सांगतो, ती वहीत लिहून ठेवा. आणीबाणीनंतर १९७८ साली चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. त्यात ठरलं की तीन महिन्यांचे दोन महिने करायचे आणि सल्लागार मंडळावर न्यायमूर्तीच बसवायचे, तेही हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनं. संसदेनं मंजूर केलं, राष्ट्रपतींची सही झाली. पण तेवढं कलम लागू केल्याची अधिसूचना सरकारनं काढलीच नाही. ह्या पक्षाचं आलं, त्या पक्षाचं आलं, कुणीच काढली नाही. आमच्यावर कायदा लागू व्हायला एक रात्र लागते. सरकारवर मर्यादा लागू व्हायला चाळीस-पंचेचाळीस वर्षंही पुरत नाहीत.

तुमच्यातलेच काही विचारतील, काका, मग आपण ॲट्रॉसिटीचा कायदा कडक मागतो ते कसं? तिथं आपल्याला अटकपूर्व जामीन नको असतो. २० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं तो कायदा सैल केला तर २ एप्रिलला आपण देश बंद केला. आपल्याला पाहिजे तिथं कडक, आपल्यावर येतो तिथं जुलमी?

प्रश्न बरोबर आहे. तो टाळू नका. माझं उत्तर असं. ॲट्रॉसिटीत घडलेला गुन्हा असतो. जाळलेलं घर असतं, मारलेला माणूस असतो, साक्षीदार असतो. आरोपी त्याच गावात मालक असतो आणि साक्षीदार त्याच्याच शेतावर मजूर. आरोपी मोकळा राहिला तर साक्षीदार उद्या जिवंत राहील का, हा तिथला सवाल. शिवाय अटक झाल्यावर जामीन मागायची वाट तिथं बंद नाही. स्थानबद्धतेत गुन्हा घडलेलाच नसतो, शक्यता असते. आणि बलवान बाजूला खुद्द सरकार असतं. दुबळ्याला बलवानापासून राखणारा कडकपणा वेगळा, आणि बलवानाला दुबळ्याच्या तोंडापासून राखणारा वेगळा. तरीसुद्धा ॲट्रॉसिटीत एखादा माणूस खोटा गोवला गेला तर त्याची सुनावणी लवकर झाली पाहिजे, हे आपणच म्हटलं पाहिजे. न म्हटलं तर आपलं तोंड दुसऱ्या ठिकाणी चालणार नाही.

देशाला खरा धोका नसतो असं मी म्हणत नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटी स्टेशनवर मेली ती गाडीची वाट बघणारी साधी माणसं. कसाबला जिवंत धरला तुकाराम ओंबळेंनी, छातीवर गोळ्या घेऊन. पण पुढं काय झालं तेही बघा. त्याच्यावर खटला चालला. वकील दिला. साक्षी झाल्या. अपील झालं. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. आणि त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुरावा नाही म्हणून सुटले. खटला म्हणजे चाळण. खडा वर राहतो, दाणा खाली पडतो. ह्यात देश कुठं दुबळा झाला?

उलटं उदाहरणही मुंबईचंच. ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये स्फोट झाले. त्यात शिक्षा झालेल्या बारा जणांना मुंबई हायकोर्टानं २१ जुलै २०२५ ला निर्दोष ठरवलं. एकोणीस वर्षांनी. त्यातला एक निकालाआधीच तुरुंगात मेला होता. सरकार लगेच सुप्रीम कोर्टात गेलं, त्या कोर्टानं हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत घातलं नाही. हायकोर्टाचं खरं धरलं तर अर्थ काय निघतो? ज्यांनी स्फोट केले ते एकोणीस वर्षं मोकळे. मेलेल्यांच्या घरच्यांना न्याय नाही, आणि आत बसलेल्यांना आयुष्य नाही. चुकीचा माणूस धरला की स्वातंत्र्य तर जातंच, सुरक्षाही जाते. मग तागडीच्या दोन पारड्यांची ही गोष्ट कुणी रचली?

आता माझी स्वतःची पाळी.

१ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला दगड पडले. ३ तारखेला महाराष्ट्र बंद. त्यानंतर वस्त्यांत धरपकड सुरू झाली. माझा पुतण्या अठ्ठावीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे सोळाशे मीटर पळायचा. त्याला नाक्यावरून उचलला. त्याच्याबरोबर पंक्चरच्या दुकानात काम करणारं एक मुसलमान पोरगं उचललं, ते तर नुसतं दुकानाचं शटर ओढत होतं.

मी धावाधाव केली, वकील गाठला, दुसऱ्या दिवशी पुतण्या सोडवला. बाहेर पडताना ठाण्याच्या पायरीवर त्या पोराची आई बसलेली दिसली. तिनं माझ्या हातातल्या कागदांकडं बघितलं. मी चपला घातल्या आणि चालू लागलो. मनात म्हणालो, आपलं आधीच काय कमी आहे.

घरी आलो. बायकोनं चहा ठेवला. तो कप बघितला आणि मला मास्तरांच्या बायकोचा कप आठवला. बापाचं ते ग्लानीतलं वाक्य आठवलं. येसकराच्या नातवानं तेच केलं होतं जे येसकराच्या पोरानं केलं. आपला उंबरा राखला.

तसाच उठून परत गेलो. ती आई तिथंच होती. अर्ज लिहिला. माझं अक्षर बरं आहे.

पुतण्याची केस २०२३ ला निकालात निघाली. निर्दोष. तोवर चारित्र्य पडताळणीत दर वेळी गुन्हा दाखल असं येत गेलं आणि भरतीचं वय निघून गेलं. देशाची सुरक्षा करायला निघालेला एक पोरगा देशाच्या सुरक्षेसाठी बाद झाला. तो आता टेम्पो चालवतो. पहाटे अजून जाग येते म्हणतो, पण पळत नाही.

हे एकट्याचं नाही. सहारनपूरच्या चंद्रशेखर आझादला २०१७ च्या नोव्हेंबरात हायकोर्टानं जामीन दिला आणि लगेच राष्ट्रीय सुरक्षा कायदा लावला. सुटायला सप्टेंबर २०१८ लागला. 'विद्रोही'चे सुधीर ढवळे २०११ च्या जानेवारीत धरले, चाळीस महिन्यांनी २०१४ ला निर्दोष सुटले. २०१८ च्या जूनमध्ये एल्गार परिषदेच्या प्रकरणात पुन्हा धरले, २०२५ च्या जानेवारीत जामीन मिळाला. साडेसहा वर्षं, आणि तोवर आरोपसुद्धा निश्चित झाले नव्हते. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला हजर झाले आणि २६ नोव्हेंबर २०२२ ला जामिनावर बाहेर आले. आत गेले जयंतीला, बाहेर आले संविधान दिनाला. चौऱ्याऐंशी वर्षांचे फादर स्टॅन स्वामी, हात थरथरायचे, पाणी प्यायला नळीचा पेला मागत होते. ५ जुलै २०२१ ला कोठडीतच गेले. ह्यांचं राजकारण मला सगळं पटतं असं नाही. पटायची गरज नाही. गुन्हा असेल तर खटला चालवा, शिक्षा करा. खटला न चालवता वर्षं काढून घेणं ही शिक्षाच आहे, फक्त तिच्यावर न्यायाधीशाची सही नसते.

तर पोरांनो, भाषणं पुष्कळ झाली. कागद शिका. नोटीस आली की वाचल्याशिवाय सही नाही, नक्कल घेतल्याशिवाय सोडायचं नाही. अटक झाली तर कारण विचारायचं, घरी कळवायला लावायचं, चोवीस तास मोजायचे. जुने १०७, १५१, नवे १२६, १७०, दोन्ही आकडे पाठ ठेवा. प्रत्येक वस्तीत अर्ज लिहिणारा एक तरी माणूस पाहिजे. आणि तो अर्ज फक्त आपल्या पोराचा लिहायचा नाही. पालावरच्या पारध्याचा लिहायचा, पंक्चरवाल्याचा लिहायचा, आपल्याला शिव्या देणाऱ्याला विनाकारण डांबला तर त्याचाही लिहायचा. आपल्याच लोकांपुरतं असेल तर त्याला हक्क म्हणत नाहीत, वशिला म्हणतात.

त्या शिपाई पोराला मी बसवलं. चहा दिला. मग नोटिशीवर सही केली आणि सहीखाली लिहिलं: मिळाली. मजकूर मान्य नाही. कोणत्या माहितीवरून ही शक्यता धरली ते लेखी कळवावे. नक्कल मिळावी.

त्यानं वाचलं. म्हणाला, "काका, असं कुणी ल्हीत न्हाई."

मी म्हणालो, "ल्ह्याला लागंल बाळा. तुज्या आज्जाच्या हातात बी काठीच व्हती."

तो काही बोलला नाही. चहा मात्र पुरा पिऊन गेला.

मिरवणूक निघाली, रात्री दहाच्या आत संपली, कुणाची काच फुटली नाही. माझ्या चार ओळींचं उत्तर आलेलं नाही. मी स्मरणपत्र लिहायला घेतलंय. तुमच्यापैकी ज्याला अर्जाची भाषा शिकायची असेल त्यानं रविवारी सकाळी घरी यावं. वही घेऊन यावं.

जयभीम.